कणव आणि कौल

'डेअरडेव्हिल' मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे एक भाडोत्री मारेकरी मार असह्य होऊन आपल्या मालकाचं नाव सांगून टाकतो. विल्सन फिस्क. नाव तोंडातून निघताच त्याला कळून चुकतं की आता आपल्यालाच काय, आपल्या माणसांनाही कुणी जगू देणार नाही. तो वळतो आणि कुंपणाच्या टोकदार गजावर स्वतःचं डोकं झोकून देऊन मरतो. त्यानंतर फिस्क आपल्याला पहिल्यांदा नीट दिसतो. एका कलादालनात, भल्यामोठ्या कॅनव्हाससमोर तो उभा आहे. चित्रात पांढऱ्या रंगाखेरीज जवळजवळ काही नाही. दालनात काम करणारी व्हेनेसा त्याला विचारते, हे पाहून काय वाटतं? शब्द जुळवत, अडखळत तो सांगतो, एकटं वाटतं.

आधी भीती आणि मग एकटेपणा, या क्रमात मालिकेचं सगळं कसब आहे. क्रम उलटा असता, म्हणजे आधी चित्रासमोर उभा राहिलेला बुजरा माणूस आणि मग त्याच्या नावाने मरणारा मारेकरी, तर आपल्याला फसवणूक झाल्यासारखं वाटलं असतं. इथे कुणी फसवत नाही. हा माणूस काय करू शकतो ते आधीच सांगितलेलं आहे, आणि ते माहीत असूनही आपल्याला त्याची कणव येते. ही कणव कुठून येते, तिचं काय करायचं आणि तिच्या आधारावर कुणाला कौल द्यायचा का, या प्रश्नांसाठी पुढची प्रकरणं लिहिली आहेत.

मालिका पाहिली नसेल अशांसाठी थोडी माहिती. 10 एप्रिल 2015 रोजी नेटफ्लिक्सवर 'डेअरडेव्हिल'च्या पहिल्या पर्वाचे 13 भाग एकदम आले. मालिका ड्रू गोडार्ड यांनी निर्माण केली आणि पहिलं पर्व स्टीव्हन डीनाइट यांनी चालवलं. नायक मॅट मर्डॉक, चार्ली कॉक्सने केलेला, लहानपणी अपघातात दृष्टी गेलेला वकील. रात्री तोंडावर फडकं बांधून गुंडांना झोडपणारा. खलनायक फिस्कच्या भूमिकेत व्हिन्सेंट डिऑनोफ्रिओ. कथा घडते न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या वस्तीत. मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाला, साधारण 34व्या ते 59व्या रस्त्यांदरम्यान ही वस्ती आहे. एके काळी गोदीत राबणाऱ्या आयरिश कुटुंबांची आणि नंतर टोळ्यांची म्हणून ती ओळखली जाई. आजची खरी वस्ती महागड्या घरांची आणि उपाहारगृहांची आहे. म्हणून मालिकेने एक युक्ती केली. 2012च्या 'अ‍ॅव्हेंजर्स' चित्रपटात परग्रहावरच्या सैन्याने न्यूयॉर्क उद्ध्वस्त केलं होतं. त्या पडझडीनंतरची ही वस्ती आहे असं धरलं. पडझड झाली की पुनर्बांधणी आली, पुनर्बांधणी आली की कंत्राटं आली, आणि कंत्राटांमागे फिस्क आला. त्याला जुन्या चाळवजा इमारती पाडून नवं, सुंदर शहर उभारायचं आहे. त्यासाठी तो मालमत्ता हडपतो, रशियन टोळीला वापरून संपवतो, पोलिसांना विकत घेतो. आणि हे सगळं आपण शहरावरच्या प्रेमापोटी करतो आहोत, असं तो मनापासून मानतो.

कॉमिक्समधला मूळ फिस्क असा नव्हता. स्टॅन ली आणि जॉन रोमिता यांनी 1967 साली त्याला स्पायडरमॅनच्या कथेत आणला तो एक अवाढव्य, पांढऱ्या कोटातला टोळीप्रमुख म्हणून. 1981 मध्ये फ्रँक मिलर यांनी त्याला डेअरडेव्हिलच्या कथेत ओढलं आणि व्हेनेसावरच्या प्रेमाने त्याला माणूसपण दिलं. तरी छापील पानावर त्याचा आकारच आधी डोळ्यांत भरे. दूरचित्रवाणीने दिलं ते वेळेचं बळ. 13 भागांच्या अवकाशात खलनायक नुसता योजना आखत बसू शकत नाही. तो जेवतो, झोपतो, कपडे निवडतो, लाजतो.

ही वाट अर्थात आधी कुणीतरी पाडून दिलेली होती. 1992 साली 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरीज' या लहान मुलांच्या मालिकेतल्या 'हार्ट ऑफ आइस' भागात लेखक पॉल डिनी यांनी मिस्टर फ्रीझ या जुन्या, जवळजवळ विनोदी खलनायकाला एक आजारी पत्नी दिली. नोरा तिचं नाव. तिला वाचवण्यासाठी बर्फात गोठवून ठेवणारा शास्त्रज्ञ आणि तो प्रयोग मध्येच बंद पाडणारा कंपनीचा मालक, एवढ्या सामग्रीवर त्यांनी वीस-बावीस मिनिटांत अशी शोकांतिका उभी केली की पुढे कॉमिक्सनेच आपला फ्रीझ बदलून घेतला. त्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला. सहानुभूती वाटावी असा महानायकपटांतला खलनायक कसा घडवायचा, याचा पुढचा सारा अभ्यास त्या एका भागापासून सुरू होतो असं मी मानतो. पण फ्रीझची गोष्ट तुलनेने सोपी आहे. त्याच्यावर अन्याय करणारा समोर आहे आणि सूड त्याच्यावरच उगवला जातो. फिस्कवर अन्याय करणारा कधीच मेलेला आहे. किंमत मोजतात ती भलतीच माणसं.

चौथा भाग पाहा. फिस्क व्हेनेसाला जेवायला घेऊन गेला आहे. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तो कुणासमोर मोकळा होऊ पाहतो आहे. एवढ्यात अ‍ॅनाटोली हा रशियन टोळीतला एक म्होरक्या तिथे येऊन धडकतो. तो भांडायला आलेला नाही. फिस्कची अट मान्य आहे, हेच सांगायला आलेला आहे. चूक त्याची एकच, तो व्हेनेसादेखत आला. त्या रात्री फिस्क त्याला गाडीतून ओढून बदडतो आणि गाडीचं दार त्याच्या डोक्यावर आपटत राहतो, पुन्हा पुन्हा, डोकं उरेनासं होईपर्यंत. बदडताना तो जे ओरडतो त्यात धंद्याचा, टोळीचा, पैशाचा उल्लेख नाही. तिच्यासमोर मला लाज आणलीस, एवढंच.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या तुरुंगांमध्ये अनेक वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या जेम्स गिलिगन यांनी 1996 साली हिंसेवर एक पुस्तक लिहिलं. खुनी कैद्यांशी वर्षानुवर्षं बोलून ते या निष्कर्षाला आले की गंभीर हिंसेच्या मुळाशी जवळजवळ नेहमी लाज असते. आपली कुणी किंमत केली नाही, चारचौघांत आपलं हसं झालं, ही जाणीव असह्य होते, आणि तिच्यातून सुटायला समोरच्याचा चेहराच नाहीसा करावासा वाटतो. ती लाज किती क्षुल्लक कारणाने पेटली हेही त्या माणसाला कबूल करवत नाही. क्षुल्लकपणाचीच पुन्हा लाज वाटते. अ‍ॅनाटोलीचा खून मी जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा मला गिलिगन आठवले. डिऑनोफ्रिओ त्या दृश्यात सूडाचा आनंद कुठेही दाखवत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर घाबरलेल्या मुलाचा आकांत असतो. 'फुल मेटल जॅकेट'मध्ये 1987 साली त्यांनी केलेला छळाने मोडून पडलेला सैनिक ज्यांना आठवत असेल, त्यांना हा आकांत ओळखीचा वाटेल.

त्या आकांताचं मूळ आठव्या भागात उघडं होतं. या भागावर पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण आहे, तरी इथेही थोडं थांबायला हवं. फिस्क रोज दुःस्वप्नातून दचकून उठतो. ऑम्लेट करतो, काळा सूट चढवतो, बाहीला जुनी कफलिंक्स लावतो. पार्श्वभूमीला बाखचं चेलोवादन चालू असतं. आरशात पाहतो तर तिथे रक्ताने माखलेला बारा वर्षांचा मुलगा असतो. मग ती जुनी गोष्ट येते. वडील बिल फिस्क नगरपरिषदेची निवडणूक लढवतात, तीही गुंडाकडून कर्ज काढून, आणि हरतात. त्यांच्याबद्दल वाईटसाईट बोलणाऱ्या मोहल्ल्यातल्या पोराला ते विल्सनदेखत मारतात आणि विल्सनला सांगतात, लाथ घाल, आणखी घाल. एका रात्री ते मुलाला खुर्चीत बसवतात, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघ म्हणतात, तुला कसला माणूस व्हायचंय याचा विचार कर म्हणतात, आणि पलीकडे जाऊन पट्ट्याने त्याच्या आईला झोडपू लागतात. मुलगा भिंतीकडे बघत राहतो. मग उठतो, हातोडा घेतो आणि बापाला मारून टाकतो. आई किंचाळत बसत नाही. ती मुलाला करवत आणायला सांगते.

कलादालनातलं पांढरं चित्र म्हणजे ती भिंत होती, हे इथे कळतं. कफलिंक्स बापाची होती, हेही.

अ‍ॅना फ्रॉइड यांनी 1936 सालच्या आपल्या ग्रंथात मनाच्या एका बचावाचं वर्णन केलं आहे: ज्याची भीती वाटते त्याच्यासारखं व्हायचं, त्याचे हातवारे, त्याचा आवाज, त्याची ताकद अंगावर घ्यायची, म्हणजे भीती वाटणारा आणि भीती घालणारा यांतली जागा बदलते. त्यांच्याआधी मनोविश्लेषक फेरेंझी यांनी छळ सोसलेल्या मुलांबाबत हाच विचार अधिक वेदनेने मांडला होता. फिस्क व्हेनेसाला सांगतो की ही कफलिंक्स मी अशासाठी घालतो की मी बापासारखा नाही, क्रूरतेसाठी क्रूरता करणारा नाही, राक्षस नाही, याची मला आठवण राहावी. तो हे खोटं सांगत नाही. पण बाप नाकारायला बापाचीच वस्तू रोज मनगटावर बांधावी लागते, यात त्याची सगळी कोंडी आहे. मेलेल्या बापाशी त्याचं भांडण संपलेलंच नाही, आणि बापाने शिकवलेली एकमेव गोष्ट, पडलेल्याला आणखी लाथ घाल, ही तो हेल्स किचनमध्ये इमानेइतबारे पाळतो.

व्हेनेसा त्याला जवळ घेते. प्रेक्षकही घेतो. आणि त्याच भागाच्या शेवटी फिस्क पत्रकार परिषद घेतो. बेन युरिक हा वृद्ध पत्रकार त्याचं बिंग फोडणारा लेख लिहीत बसलेला असताना फिस्क स्वतःच उजेडात येतो, कॅमेऱ्यांसमोर उभा राहतो, मी याच वस्तीत वाढलो म्हणतो, हिचं भलं व्हावं एवढीच इच्छा सांगतो, आणि मुखवटाधारी माणसाला शहराचा शत्रू ठरवतो. शहर विश्वास ठेवतं. बेनचा लेख छापण्याआधीच निकामी होतो.

माझ्या मते पहिल्या पर्वातली सर्वांत बुद्धिमान रचना हीच आहे. बालपण आणि भाषण एकाच भागात ठेवून लेखकांनी आपल्याला हेल्स किचनच्या रहिवाशांच्या रांगेत नेऊन बसवलं. रहिवाशांना भाषणाने जिंकलं, आपल्याला हातोड्याच्या गोष्टीने. त्यांच्याजवळ पुरावा नव्हता. आपल्याजवळ होता, गाडीचं दार आपण पाहिलं होतं, तरी आपण थोडे सैल पडलो. दुःखाची खरी गोष्टसुद्धा सत्तेची शिडी होऊ शकते, आणि ती सांगणारा खोटारडा असण्याची गरज नाही.

तिसऱ्या पर्वात, 2018 साली, हे सूत्र आणखी पुढे जातं. फिस्क डेक्स पॉइंडेक्स्टर या एफबीआयच्या जखमी मनाच्या माणसाच्या बालपणीच्या मानसोपचाराच्या नोंदी मिळवतो, त्या बारकाईने समजून घेतो, आणि मग त्याला सांगतो की मी तुला ओळखतो, तू एकटा नाहीस. दुसऱ्याच्या यातना इतक्या अचूक कळणं ही सहानुभूतीच आहे. फिस्क तिचा उपयोग माणूस हस्तगत करायला करतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो: इतकं सोसलेल्या मुलाचं दुसरं काय होणार होतं? या प्रश्नाला उत्तर देणारं संशोधन आहे. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी 1989 साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या छळ किंवा हेळसांड झालेल्या मुलांचा आणि तशाच परिस्थितीतल्या पण छळ न झालेल्या मुलांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या गटातल्या सुमारे 26 टक्के मुलांना अल्पवयात अटक झाली होती, दुसऱ्या गटात सुमारे 17 टक्क्यांना. फरक खरा आहे आणि तो समाजाला लाज वाटावी असा आहे. पण पहिल्या गटातल्या चारांपैकी जवळपास तिघांवर ती वेळ आली नाही हेही त्याच आकड्यात आहे. छळ सोसलेली बहुसंख्य मुलं कुणाच्याही डोक्यावर दार आपटत नाहीत. फिस्कला त्याच्या बालपणाने पूर्ण समजावून टाकलं की या सगळ्यांवर आपण अन्याय करतो, त्यांच्याकडे उद्याचे गुन्हेगार म्हणून पाहू लागतो. छळातून वाचलेल्या माणसांसाठी याहून अपमानास्पद गोष्ट नाही, आणि खलनायकांवर लिहिणाऱ्यांकडून ती फार सहज होते. हे पुस्तक लिहिताना ती होऊ नये याची मी सर्वाधिक काळजी घेतली आहे.

चित्रपटाभ्यासक मरे स्मिथ यांनी 1995 साली पात्राशी प्रेक्षकाचं नातं तीन पायऱ्यांत मांडलं. पात्र ओळखणं, त्याच्यासोबत राहणं, आणि त्याच्या बाजूचं होणं. दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर आपण नकळत घसरतो. ज्याच्यासोबत कॅमेरा राहतो तो आपला वाटू लागतो. म्हणून कॅमेरा कुणासोबत राहिला नाही, हे विचारलं पाहिजे. एलेना कार्डेनास ही म्हातारी जुन्या भाड्याच्या घरात राहते, मालकाने कितीही त्रास दिला तरी जागा सोडत नाही. फिस्क एका व्यसनी माणसाकरवी तिला मारवतो. एलेनाचं बालपण मालिकेने दाखवलेलं नाही. तिच्या वडिलांनी तिला काय सांगितलं होतं, ती कुठल्या देशातून कशी आली, कुठल्या भिंतीकडे बघत बसली, काहीच आपल्याला ठाऊक नाही. बेन युरिकचं थोडं ठाऊक आहे; त्याची बायको रुग्णालयात आहे आणि तो तिच्या उशाशी बसतो. फिस्क बेनला त्याच्या घरात शिरून हातांनी गळा दाबून मारतो, कारण बेन त्याच्या आईला भेटून आला. आईवरचं प्रेम खरं, व्हेनेसावरचं खरं, वेस्ली या सहायकाच्या प्रेताशेजारी बसून केलेला शोकही खरा. त्या प्रेमाला बेनची बायको दिसत नाही.

मॅट मर्डॉकच्या बाबतीत लेखकांनी केलेली मांडणी इथे ताडून पाहावी. त्याचाही बाप गेलेला. जॅक मर्डॉक हा मुष्टियोद्धा. पैसे घेऊन हरायचं ठरलेलं असताना मुलाला एकदा तरी बाप जिंकलेला कळावा म्हणून तो जिंकतो आणि त्यापायी मारला जातो. दोघांचं शहर एक, दोघांची भाषाही जवळपास एक. फरक मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. मालिकेच्या सुरुवातीलाच मॅट चर्चमध्ये धर्मगुरूपुढे बसून आपण जे करणार आहोत त्याची आधीच क्षमा मागतो. पुढे तो त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातो, वाद घालतो. मित्र फॉगी त्याला तोंडावर खोटारडा म्हणतो. मॅटभोवती त्याला अडवणारी माणसं आहेत. फिस्कभोवती जी आहेत त्यांतली त्याच्यावर प्रेम करणारी त्याला कधीच अडवत नाहीत आणि अडवणारी जिवंत राहत नाहीत. आईने त्या रात्री मुलाला वाचवलं, पण जे घडलं त्याचं नावही घराबाहेर काढायचं नाही हा धडा त्याच रात्री दिला. माझ्या वाचनात फिस्कला घडवणारी घटना म्हणून हातोड्याइतकीच करवतही महत्त्वाची आहे. हातोडा क्षणाचा होता, लपवणं जन्मभराचं.

मालिकेत सगळंच उत्तम आहे असं माझं म्हणणं नाही. भिंत आणि चित्र यांचा मेळ फारच चपखल बसवला आहे, इतका की मन नावाची गोष्ट एका किल्लीने उघडते असा भास होतो. माणसाचं मन तसं उघडत नाही. डिऑनोफ्रिओंचा अभिनय नसता तर तो भाग मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातला धडा झाला असता. त्यांचा अडकणारा श्वास, वाक्याच्या मध्येच हरवणारा आवाज, मान वाकडी करण्याची लकब, यांतून पटकथेत नसलेलं बरंच काही येतं. तेराव्या भागात मात्र लेखणी अभिनयाच्या तोडीची आहे. कैदी म्हणून गाडीतून नेलं जात असताना फिस्क बायबलमधली भल्या शोमरोन्याची गोष्ट सांगतो. लुटलेल्या वाटसरूला उचलून नेणारा तो भला माणूस म्हणजे आपण, असं तो आजवर समजत आला होता. आता त्याला कळतं की आपण वाटसरूवर तुटून पडणारे आहोत. हे कळल्याने तो खचत नाही, हलका होतो. स्वतःबद्दलचं सत्य कळलं की माणूस सुधारतो, या आपल्या आवडत्या समजुतीला एवढा सरळ धक्का मी दुसऱ्या कुठल्या महानायकपटात पाहिलेला नाही.

मार्च 2025 मध्ये सुरू झालेल्या 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'मध्ये फिस्क न्यूयॉर्कचा महापौर होतो. ज्या बापाला नगरपरिषदेची एक जागा मिळाली नव्हती, त्याचा मुलगा शहराच्या सर्वोच्च खुर्चीत बसतो, आणि लोकांच्या मतांनी बसतो. त्या पर्वाला शेवटचं प्रकरण दिलं आहे. त्याआधीची प्रकरणं बाप, आई, व्हेनेसा, वेस्ली आणि शहर या क्रमाने जातात. पण एलेना आणि बेन यांच्यावरचं प्रकरण मी मुद्दाम सर्वांच्या आधी ठेवलं आहे. फिस्कचं बालपण वाचण्यापूर्वी त्यांची ओळख व्हावी अशी माझी इच्छा आहे.

वाचकांना एक विनंती. पुस्तक हाती घेण्याआधी पहिल्या पर्वाचा आठवा भाग जमल्यास पुन्हा पाहा, आणि पत्रकार परिषदेच्या दृश्यापाशी आपण मनाने कुणाच्या बाजूला उभे आहोत ते प्रामाणिकपणे नोंदवून ठेवा. फिस्कची कणव आली तर ती दडपू नका; ती न येणाऱ्यासाठी हे पुस्तक नाही. फक्त त्या नोंदीत एलेनाचं नावही लिहा, आणि मग पान उलटा.